न वाळणारी हळद

प्रणिता कुकडेला राग यायला वेळ लागत नाही, असं तिच्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायका म्हणत. भुवया कोरताना कुणी फोनवर बोललं की यायचा, एकीनं दुसरीच्या सुनेची कुचाळकी केली की यायचा. चहा पाजला की उतरायचाही. पण त्या वैशाखात तिला जो राग आला तो चहानं उतरणाऱ्यांतला नव्हता. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये अशीच हे सांगणाऱ्याची इच्छा आहे.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलाय. विहीर खणली की पाणी लागतं, आणि ते तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बाईचे केस तिशीतच सुतळीसारखे होतात. कातडीचं तर विचारूच नका. अशा पट्ट्यातल्या हिंगणी गावात प्रणिताचं पार्लर होतं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी आणून सोडलं. तेव्हा ट्रंक उचलून आत नेणारा शाळकरी भाऊ म्हणजे रोशन. पार्लरचा कोर्स करताना तिनं पहिल्यांदा कुणाचे केस कापले असतील तर ते रोशनचे. एका कानाजवळ जास्तच कापले गेले, आणि हा बहाद्दर तसाच शाळेत जाऊन आला, वर मुलांना सांगितलं की सध्या हीच फॅशन आहे.

‘ओलावा’ नावाचं लोशन आलं ते याच पट्ट्यासाठी जणू. त्यातल्या मुख्य द्रव्याचं नाव होतं आर्द्रबंध. केसांना आणि कातडीला ओल देणारी द्रव्यं काही नवी नव्हेत. ग्लिसरीन सगळ्यांच्याच घरात असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि धरून ठेवतं. पण हवेतच पाणी नसलं की ते खालच्या कातडीतलं पाणी ओढू लागतं, म्हणून वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात नुसतं ग्लिसरीन लावणारीचे ओठ आणखीच फुटतात. शिवाय तोंड धुतलं की ते गेलं. आर्द्रबंधाचं तसं नव्हतं. आटलेल्या तळ्याच्या भेगांत महिनोन्महिने जिवंत राहणारा एक जिवाणू शास्त्रज्ञांना सापडला होता. हा जिवाणू अंगाभोवती चिकट पांघरूण विणतो आणि त्यात थेंबभर पाणी कोंडून पावसाची वाट पाहतो. त्या पांघरुणाचा रेणू प्रयोगशाळेत तयार झाला आणि त्याला धन विद्युतभार देण्यात आला. खराब झालेल्या केसांवर आणि कातडीवर ऋण भार असतो, त्यामुळे हा रेणू नेमका तिथंच जाऊन बसतो आणि साध्या पाण्यानं सुटत नाही. एकदा पकडलेलं पाणी हवेला परत द्यायचं नाही, हा त्याचा स्वभाव. पुढं याच स्वभावानं जीव घेतला, पण तेव्हा सगळे त्याला गुणच म्हणत होते.

कंपनीनं चाचणीसाठी खारपाणपट्टा निवडला. एवढी फुटकी कातडी दुसरीकडं फुकट कुठं मिळणार? दोन उन्हाळे गावोगावच्या बायकांनी ओलावा लावला आणि कुणाला काही झालं नाही. उलट तळहातांच्या भेगा भरल्या, केसांतून कंगवा फिरू लागला. प्रणिताही त्या चाचणीत होती. पुढं कंपनीच्या सबनीस नावाच्या अधिकाऱ्यानं तिला हिंगणीची विक्रेती नेमलं. हा गोड बोलणारा माणूस, प्रत्येक बाईला ताई नाहीतर काकू म्हणणारा. वाटाण्याएवढं घ्यायचं, चेहऱ्याला आणि हातांना लावायचं, एवढंच त्यानं शिकवलं होतं आणि प्रणिता गिऱ्हाइकांकडून तेच घोकून घेई.

त्यानंतर धरणाचं गोडं पाणी नळानं घरोघर आलं. बायकांनी नळाची पूजा केली, खाऱ्या विहिरींवर जाळ्या पडल्या. आणि यंदा लग्नसराईच्या तोंडावर रस्तोरस्ती कंपनीचे भलेमोठे फलक लागले. पिवळीधमक नवरी, अंगभर हळद, आणि खाली ओळ: ‘यंदाची हळद वाळणार नाही.’

वऱ्हाडातली लग्नं भर उन्हाळ्यात होतात. लावलेली हळद पाच मिनिटांत वाळते, तडकते, तिच्या खपल्या पडतात आणि ड्रोननं काढलेल्या फोटोत नवरदेव सारवलेल्या भिंतीसारखा दिसतो. त्या फलकानं सगळ्यांच्या मनातलं हेरलं होतं. रोशनचं लग्न वडाळीच्या पूर्वा धांडेशी ठरलं, तेव्हा प्रणिताची आई कांताबाई हिनं पहिली फर्माईश केली ती त्या फलकावरच्यासारख्या हळदीची.

प्रणितानं पार्लरमधून बाटल्या आणून दिल्या. चमचाभर पुरे, असंही सांगितलं. पण हळद कालवायची ती सवाष्णींनी. विधवेनं नवरदेवाच्या हळदीला हात लावायचा नसतो. अख्ख्या गावाच्या नवऱ्या जिच्या हातून सजून जातात, तिला सख्ख्या भावाच्या हळदीत ओसरीच्या टोकाला बसवलं होतं. आईनं एक बाटली परातीत रिती केली, मग दुसरी. प्रणिता उठली, म्हणाली की आई, एवढं टाकायचं नसतं. मावशीनं तिला हातानंच अडवलं आणि सवाष्णींच्या मधात येऊ नको म्हणून सुनावलं. चारचौघांत तमाशा नको म्हणून ती परत जागेवर बसली. आईनं तिसरीही बाटली पिळली.

तिचा हात त्या परातीत असता, तर पहिल्याच बोटाला तिला कळलं असतं की हा लेप अंगाला लावण्यातला नाही. जिला त्यातलं कळत होतं तिला लांब बसवलं, आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांनी मानेपासून पोटऱ्यांपर्यंत रोशनला माखून काढलं. हळद मात्र फलकावरच्यासारखीच झाली, ओलसर, झळाळती. ड्रोनवाला खूश झाला. उरलेली उष्टी हळद डब्यात भरून रिवाजाप्रमाणे वडाळीला नवरीकडे गेली आणि तिथल्या बायकांनी ती पूर्वाला तशीच अंगभर लावली.

संध्याकाळी रोशननं नळाच्या पाण्यानं आंघोळ केली. पिवळा रंग फिका झाला, पण अंगावरचा ओशट थर जाईना. घरात सगळ्यांना त्याचं कौतुकच वाटलं. जेवायला बसला तेव्हा तो प्रणिताला म्हणाला, “ताई, अंगावर कोनं गोधडी टाकल्यावानी वाटून राह्यलं.” लग्नाची धास्ती घेतलीस म्हणून तिनं त्याला चिडवलं. त्या चिडवण्याचा पुढं तिला फार त्रास झाला.

सकाळी वऱ्हाड वडाळीला पोचलं. या काही वर्षांत वैशाखातलं ऊन इतकं वाढलंय की दहाच्या ठोक्याला गावोगाव सरकारी भोंगा वाजतो आणि मग उघड्यावर थांबायला बंदी असते. म्हणून वरात भोंग्याच्या आत आटपायची होती. रोशन मारुतीच्या पारापासून नाचत निघाला. भोवतीची पोरं घामानं निथळत होती, थोडं सावलीत जाऊन वारा घेत होती, परत नाचत होती. रोशनलाही घाम येत होता, पण त्याच्या मानेवरचे थेंब फुगून जागच्या जागी बसले होते. मांडवाच्या दाराशी सासूनं ओवाळायला तबक उचललं आणि तो तिच्या पायांशी कोसळला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तायडे म्हणून एक मध्यम वयाच्या बाई होत्या. उष्माघाताचे रोगी त्यांच्याकडे रोजचेच. अंगावर ओल्या चादरी टाकायच्या, दोन बाजूंनी मोठे पंखे लावायचे, शिरेतून सलाईन द्यायचं. बहुतेक जण त्यानं सावरतात. रोशनचा ताप उतरेना. चादर बदलली, पाणी मारलं, पंखे जवळ ओढले, तरी अंग तव्यासारखंच. बाईंनी त्याच्या दंडावरून बोट फिरवलं आणि पुटपुटल्या की हे पाणी उडतच कसं नाही?

तेवढ्यात झटका येऊन त्याचा हात हलला, सुई निसटली आणि सलाईन कोपरावरून खाली ओघळलं. जिथून ते गेलं तिथला पिवळसर थर दुधावरची साय सरकावी तसा सरकला, आणि खालची कातडी वाऱ्यानं बघता बघता सुकली. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, प्रणितानंही पाहिलं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. मिठातल्या भारित कणांपुढं त्या थराची कातडीवरची पकड सुटत होती. घामातही मीठ असतं, पण ते त्याला पुरत नव्हतं. बाईंनी आरडाओरडा न करता सलाईनच्या सगळ्या बाटल्या फोडायला लावल्या आणि नर्ससोबत स्वतः त्याचं अंग धुवायला घेतलं.

प्रणिता बाहेर धावली आणि तिनं वडाळीला पूर्वाच्या काकांना फोन लावला. तिकडं सगळे रोशनची चौकशी करू लागले. नवरीलाही चक्कर आली होती, पण उपास आहे, धक्का बसलाय, असं म्हणून तिला शालूसकट पंख्याखाली झोपवून ठेवलं होतं.

“तिचा शालू काढा,” प्रणिता म्हणाली. “स्वयंपाकाला आनलेलं मीठ असंल ना, थे सगळं टाकीत ओता. त्या पान्यानं तिले डोक्यापासून पायापर्यंत चोळून धुवा. हळदीचा थर निघेपरेंत धुवा. आता काहून म्हनून विचारू नका, काका.”

काकांनी विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरातलं मीठ टाकीत रितं केलं आणि पूर्वा वाचली. रोशनला मात्र उशीर झाला होता. आतून शिजल्यासारखी त्याची मूत्रपिंडं आणि यकृत निकामी झाली होती. दुसऱ्या दिवशीचा भोंगा वाजला तेव्हा तो गेलेला होता.

नंतर डॉक्टर तायडेंनी प्रणिताला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असली की शरीराला थंड व्हायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम उडून जाणं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडावा लागतो. उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आर्द्रबंधानं रोशनचा घाम धरून ठेवला. “माठाला बाहेरून ऑइलपेंट लावल्यावर पाणी गार होतं का?” बाई म्हणाल्या. “त्यांनी तुझ्या भावाला ऑइलपेंट लावला.”

मग चाचणीत कुणाला काही का झालं नाही, हे प्रणितानं विचारलं आणि विचारता विचारताच तिला उत्तर सुचलं. चाचणीतल्या बायका खाऱ्या विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करत होत्या. कालचा थर रोज सकाळी धुऊन जात होता. ज्या पाण्याला पिढ्यानपिढ्या शिव्या दिल्या, तेच त्यांना राखत होतं. गोडं पाणी आलं आणि थरावर थर बसू लागले. कंपनीच्या हुशार माणसांनी बायकांची कातडी मोजली, केस मोजले, हसण्याचे फोटो काढले. या बाया आंघोळ कशानं करतात, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

“मी कारण उष्माघात लिहिलंय,” डॉक्टर म्हणाल्या, “कारण तो उष्माघातच आहे. कातडीचा नमुनाही ठेवलाय. पण तो कशानं झाला हे पोलिसांना लिहायला लावायचं, तर हळदीत काय आणि किती कालवलं हे कालवणाऱ्यानं स्वतः सांगावं लागेल. नाहीतर या उन्हाळ्यातला आणखी एक उष्माघात म्हणून फाईल बंद होईल.”

कालवणारी कोण, हे प्रणिताला माहीत होतं. आणि तिथंच ती अडकली. माझ्या हातानं माझा पोरगा गेला, हे आईला कसं सांगायचं? सांगितल्यावर ती जगेल का? वडील नामदेवराव मुळातच कमी बोलणारे. प्रणितानं त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा तिला सांगू नको म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले.

आई मात्र गप्प नव्हती. दुःखाला कुणीतरी गुन्हेगार लागतो, आणि कांताबाईला तो आयताच सापडला. पोरगा नवरीच्या दारात पडला. म्हणजे नवरीच पांढऱ्या पायाची. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईपुढं ती पूर्वाचा उद्धार करू लागली आणि बायका माना डोलावू लागल्या. साप सोडून भुई धोपटायला गावाला नेहमीच आवडतं. त्यात भुई दुसऱ्याच्या लेकीची असली तर काय पाहता? आठवडा उलटायच्या आत ही गोष्ट पंचक्रोशीत झाली. पूर्वा अंगणवाडीत शिकवायची, तिथल्या आया आपली पोरं दुसरीकडं पाठवू लागल्या. तिच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं.

प्रणिता ऐकत होती. हे सगळं तिनं एकदा स्वतःबद्दल ऐकलं होतं, तिच्या सासरच्या ओसरीवर, याच शब्दांत. शॉक मोटारीच्या उघड्या वायरचा लागला होता आणि पाय तिचे पांढरे ठरले होते. तेव्हा ती विशीतली पोर होती, खाली मान घालून बसली. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती, आणि आईच्या तोंडाकडं पाहिलं की ती आग तिला गिळावी लागत होती.

तिनं सबनीसला फोन केला. त्यानं आधी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, मग लगेच कानावर हात ठेवले. लोशन चेहऱ्यासाठी आणि हातांसाठी आहे, बाटलीवर तसं बारीक अक्षरांत छापलंय. ‘यंदाची हळद वाळणार नाही’ हे कुणी छापलं, असं तिनं विचारलं. ती जाहिरात होती, सूचना नव्हे, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी ती बसनं तालुक्याला गेली, तर त्या फलकांवर एक पाण्याच्या टाकीची जाहिरात लागली होती. एकूण एक फलकांवर. चोर तो चोर, वर भिंती सारवून मोकळा.

अंगभर लावून कधी पाहिलं होतं का, हेही तिनं त्याला फोनवरच विचारलं होतं. हो तर, सबनीस म्हणाला, आमच्या चाचणीकक्षात पाहिलं होतं, चोवीस डिग्रीला.

“चोवीस डिग्री आमच्याकडं दिवाळीला असते, साहेब,” प्रणिता म्हणाली. “लग्नं वैशाखात असतात.” तो म्हणाला की तो मुद्दा मी वर कळवतो.

तेरवीच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. पानं मांडली जात होती. सबनीस पांढरे कपडे घालून गाडीनं आला, त्यानं रोशनच्या फोटोला हार घातला. मग त्यानं नामदेवरावांना बाजूला घेतलं. कंपनी रोशनच्या नावानं उन्हापासून बचाव कसा करावा याची गावोगाव शिबिरं घेणार होती. घरच्यांनी फक्त कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोलायचे. लोशन आमच्याकडून जरा जास्त वापरलं गेलं, इतरांनी प्रमाणातच वापरावं, असं. बोलता बोलता त्यानं फोन तिकाटण्यावर लावलाही होता.

त्याच वेळी पूर्वा वडिलांसोबत आली. साधी सुती साडी, कपाळ मोकळं. लग्न लागलेलं नव्हतं, म्हणून तिला विधवाही म्हणता येत नव्हतं आणि कुमारी म्हणून कुणी जवळ करत नव्हतं. ती मांडवाच्या कडेला उभी राहिली. बायकांची कुजबुज सुरू झाली. कांताबाई आतून बाहेर आली.

“तिले मांडवात येऊ देऊ नका,” ती म्हणाली. “माहा पोरगा खाल्ला तिनं. आता घर खायाले आली काय?”

पूर्वाचे वडील तिचा हात धरून मागं वळले. प्रणिता भांड्यांची परात तिथंच टाकून मधे येऊन उभी राहिली.

“थांबा,” ती त्यांना म्हणाली, आणि आईकडं वळली. “माय, पूर्वाच्या पायानं काही नाई झालं. रोशन हळदीनं गेला. बाटल्या मी आनल्या, तू कालवल्या, आन बनवल्या या कंपनीवाल्यायनं. त्या थरानं त्याचा घाम उडू देल्ला नाई. पूर्वाच्या अंगालेही थेच लावलं होतं, मिठाच्या पान्यानं धुतलं म्हनून ते पोरगी आज उभी हाये. तिले पाय पांढरे म्हनतेस त मलेही म्हन, मले त सासरच्यायनं म्हटलंच होतं. मी तवा आयकून घेतलं. आता नाई आयकनार.”

कांताबाई खाली बसली आणि स्वतःचे दोन्ही तळहात पाहू लागली. जे टाळायला प्रणिता इतके दिवस जीभ चावून बसली होती, ते झालं होतं. आईला धरायला ती वाकली, तेवढ्यात मागून सबनीसचा आवाज आला.

“बघा, ताईंनी स्वतःच सांगितलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “कुणालाही दोष द्यायचा नाहीये. पण घरातूनच प्रमाणाबाहेर वापर झाला. आणि हे रेकॉर्ड झालंय.”

वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ पाहिले असतील, पण तेरवीच्या मांडवात, पोर गेलेल्या आईच्या तोंडावर काढणारा विरळाच. प्रणिता त्याच्या अंगावर धावून जाणार होती. आईनं तिचा पदर धरून थांबवलं आणि त्याच्याच आधारानं उभी राहिली.

“वाटान्याएवढं लावलं त काही होत नाई म्हनता?” कांताबाईनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीवालीला भाव विचारावा तसा.

“अजिबात नाही, काकू. पूर्णपणे सुरक्षित. आमची खात्री आहे.”

“घरात एक बाटली उरली हाये. आन वो, प्रणिता.”

प्रणितानं ती फळीवरून आणून दिली. कांताबाईनं झाकण काढलं आणि बोटावर थेंब घेतला, मोजून वाटाण्याएवढा. मग ती सबनीसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. भोंगा केव्हाच वाजून गेला होता. मांडवाच्या बाहेर अंगण पांढरंफटक तापलं होतं.

“हात आना,” ती म्हणाली. “हातालेच लावतो, तुमच्या सांगन्यापरमानं. मंग घडीभर बाहीर उभे ऱ्हा.”

सबनीस हसला. म्हणाला की काकू, मला याची ॲलर्जी आहे. मग म्हणाला की मी पुरुष माणूस, मी कुठं असलं वापरतो. कांताबाईनं बोट तसंच पुढं धरलं होतं. ती आणखी एक पाऊल पुढं गेली आणि सबनीसनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

ते सगळ्यांनी पाहिलं. पानं वाढणाऱ्यांनी पाहिलं, माना डोलावणाऱ्या बायकांनी पाहिलं, पूर्वाच्या वडिलांनी पाहिलं. वाटाण्याएवढ्या थेंबाची त्याला भीती होती, याचा अर्थ त्याच्या कचेरीत काहीतरी ठाऊक होतं, फार आधीपासून ठाऊक होतं. मावशी, जिनं ओसरीवर प्रणिताला अडवलं होतं, ती तोंडात पदर कोंबून खाली बसली. सबनीसनं आपला फोन काढायला हात लांबवला, तेव्हा नामदेवराव पहिल्यांदा बोलले. “राहू द्या तो माह्यापाशीच,” ते म्हणाले, आणि फोन स्वतःच्या खिशात घातला.

कांताबाईनं ते बोट पदराला पुसलं नाही. ती वळून मांडवाच्या कडेला गेली आणि पूर्वासमोर थांबली. पूर्वा तिच्या पायांकडं वाकायला लागली तशी तिनं तिला वरच्यावर धरलं. माफी वगैरे काही मागितली नाही. तिला ते शब्द येत नव्हते.

“डॉक्टरीन काय म्हने?” तिनं प्रणिताला विचारलं. “कोनं सांगा लागते?”

प्रणितानं सांगितलं. ज्यानं कालवलं त्यानंच.

“मंग मी सांगतो. तीन बाटल्या रिचवल्या परातीत. एकुलत्या एका पोराच्या अंगाले या हातानं चोळल्या. थे मी सांगतो, माह्या तोंडानं. लिहून घेऊ दे त्यायले.” तिनं सबनीसकडं पाहिलं. “आन त्या बाटल्यात काय भरलं होतं, थे याले माहीत होतं का नाई, थे हा सांगन.”

नामदेवराव म्हणाले की तेरवी आहे, लोक जेवायचे आहेत, उद्या जाऊ. कांताबाईनं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की त्यांनी गुमान जीपची किल्ली काढली. मांडवातल्या पंगती तशाच थांबल्या. कांताबाई जीपमध्ये मधोमध बसली, एका बाजूला प्रणिता आणि दुसऱ्या बाजूला पूर्वा, आणि भर उन्हात जीप पोलीस ठाण्याकडं निघाली.